धक्क्याला लागलेलं रुग्णालय

दोन आठवड्यांची रजा काढून एखादा भूलतज्ज्ञ सिएरा लिओनला जातो, पगार न घेता काम करतो आणि घरी परततो. ‘मर्सी शिप्स’ या ख्रिस्ती संस्थेचं काम अशा माणसांवर चालतं. डॉन आणि डेयॉन स्टीव्हन्स या दांपत्याने १९७८ मध्ये ती सुरू केली.

त्यांची जहाजं म्हणजे तरंगती रुग्णालयं. ‘आफ्रिका मर्सी’ हे मूळचं डेन्मार्कचं, रेल्वेचे डबे वाहून नेणारं जहाज! जिथे डबे उभे राहत, तिथे आज शस्त्रक्रियागृहं आणि वॉर्ड आहेत. नवं ‘ग्लोबल मर्सी’ मात्र रुग्णालय म्हणूनच बांधलं. लांबी १७४ मीटर, शस्त्रक्रियागृहं सहा. जहाज एकाच बंदरात महिनोन्‌महिने मुक्काम करतं. दुभंगलेले ओठ, मोतीबिंदू, हर्निया, वाकलेले पाय, चेहऱ्यावरच्या मोठाल्या गाठी यांवर मोफत उपचार होतात. रुग्णाचा धर्म विचारात घेतला जात नाही.

प्रवासखर्च स्वयंसेवक बहुधा स्वतः करतात किंवा चर्चमधली मंडळी वर्गणी काढतात. डॉक्टर-नर्सच नव्हे, स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियन, शिक्षकही लागतात.

अल्पकालीन सेवेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: हातात कसब हवं आणि मागे कायमची व्यवस्था हवी. भिंती रंगवायला परदेशातून माणसं कशाला? ते काम गावातल्या रंगाऱ्याला मिळावं. या जहाजांवर मात्र एक सर्जन गेला की दुसरा येतो, आणि स्थानिक डॉक्टरांना प्रशिक्षणही मिळतं. गॅरी पार्कर हे सर्जन १९८०च्या दशकात थोड्या काळासाठी म्हणून आले होते. पुढे कित्येक दशकं जहाजावरच राहिले.