जाड अक्षराचे पोट

रत्नागिरीहून महामार्गाने मुंबईकडे निघालात, की हातखंब्यानंतर बावनदी लागते. हे नाव वहीत लिहून पाहा. त्यात ‘ब’ आणि ‘व’ पाठोपाठ येतात. दोघांत फरक एवढाच, की ‘ब’च्या पोटात एक तिरकी रेघ आहे.

आता हेच नाव जाड कुंचल्याने रंगवा. रेघ जाड झाली, पण अक्षराची उंची तीच राहिली. म्हणून पोटातली पांढरी जागा आकसली. ‘ब’मध्ये तर तिचे दोन तुकडे झाले. जवळून हे खपते. लांबून मात्र ‘ब’ कोणता नि ‘व’ कोणता, हे कळेनासे होते.

असे का व्हावे? दोन रेघा वेगळ्या दिसायच्या, तर त्यांच्यामधल्या फटीने डोळ्याशी निदान एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन करावा लागतो. हिशेब केला, तर १० मीटरवरून सुमारे ३ मिलिमीटरची फट लागते, २० मीटरवरून ६ मिलिमीटरची. समजा, अक्षर १२ सेंटीमीटर उंच आहे. पोटातली फट ३ सेंटीमीटर असेल, तर ती १०० मीटरवरूनही दिसू शकेल. तीच ३ मिलिमीटर उरली, तर १० मीटरपुढे बुजेल!

मग जाड, गोलसर अक्षर निरुपयोगी समजायचे का? मुळीच नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेतील सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी घडवलेला ‘मोदक’ हा टंक पाहा. २०१५ च्या सुमारास तो सर्वांना विनामूल्य खुला झाला. अक्षरे नावाप्रमाणेच गुबगुबीत. कोपरा कुठे टोचत नाही. पोटातल्या पोकळीच्या जागी उरते केवळ पांढरी बारीक रेघ. अक्षराची ओळख त्या रेघेवरच असते.

असा टंक दोन-चार शब्दांसाठी आणि मोठ्या आकारात वापरावा: मिठाईचे खोके, बालनाट्याची जाहिरात, गणेशोत्सवाचे निमंत्रण. त्यात धडा छापला, तर शाई पसरून पांढऱ्या रेघा बुजतील. गाडीच्या पाटीलाही तो नको. रोजचा प्रवासी अंदाजाने नाव ओळखेल. पण नवख्या पाहुण्याला अंदाजाचा आधार नसतो. पाटी तर त्याच्यासाठीच असते.

प्रयोग करून पाहा. ब, व, प, ष ही अक्षरे १२ सेंटीमीटर उंचीची, एकदा बारीक रेघेने व एकदा खूप जाड रेघेने, वेगवेगळ्या कागदांवर काढा. क्रम बदलत एकेक कागद दाखवा आणि मित्राला मागे मागे जायला सांगा. तो जिथे चुकू लागेल, तिथे खडूने खूण करा. दोन खुणांमधले अंतर मोजलेत, की शाळेच्या प्रदर्शनाचा फलक कोणत्या अक्षरात रंगवायचा, हे तुमचे तुम्हीच ठरवाल.