तुम्ही नसलात तर कुणाची किल्ली घरात राहील?

प्रोजेक्टचा ग्रुप पाच जणांचा, राबणारे तुम्ही एकटे. रात्री जागून नोट्स तुम्ही काढायच्या आणि सबमिशनच्या सकाळी त्यांचे फोटो अख्ख्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणार. मग कट्ट्यावर कुणीतरी मोठेपणाचा आव आणून सांगतं, ‘एवढं चांगलं राहून चालत नाही रे. लोक वापरून घेतात.’ हे तुम्ही ऐकलं असेल. कदाचित एखाद्या ज्युनिअरला ऐकवलंही असेल.

आता यावर एका अस्वलाचं म्हणणं ऐकून बघा. निळा कोट, लाल हॅट आणि हॅटखाली अडीअडचणीला ठेवलेलं मार्मालेडचं सँडविच. सिनेमाचं नाव ‘पॅडिंग्टन २’. पॉल किंग या दिग्दर्शकाचा हा सिनेमा २०१७ मध्ये आला. ‘हॅ, लहान मुलांचा आहे,’ म्हणून पुढे स्क्रोल करू नका. २०२१ मध्ये एक जुना नकारात्मक रिव्ह्यू सापडला आणि रॉटन टोमॅटोजवर ‘सिटिझन केन’चे शंभर टक्के गेले. तेव्हा शंभर टक्के टिकवून होतं ते हे अस्वल! पुढे त्याचाही एक टक्का कमी झाला, ती गोष्ट वेगळी. पहिला भाग पाहिला नसला तरी काही अडत नाही. पेरूच्या जंगलातून आलेलं हे पिल्लू लंडनच्या ब्राऊन कुटुंबात राहतं, एवढं माहीत असलं की पुरे.

गोष्ट तशी साधी आहे. पॅडिंग्टनला वाढवणारी आंट ल्यूसी आता शंभर वर्षांची होणार आहे. लंडन बघायचं तिचं स्वप्न होतं. पण निघायच्या बेतात असतानाच नदीत वाहून जाणारं एक पिल्लू तिला दिसलं. तिनं त्याला वाचवलं आणि लंडन राहून गेलं. ते पिल्लू म्हणजेच पॅडिंग्टन. म्हणून त्याला तिच्यासाठी मिस्टर ग्रूबरच्या दुकानातलं लंडनचं पॉप-अप पुस्तक घ्यायचंय. पान उघडलं की कागदाचं लंडन उभं राहतं, असं. पुस्तक महाग, म्हणून पठ्ठ्या कामाला लागतो. न्हाव्याच्या दुकानात गोंधळ घालतो, मग लोकांच्या खिडक्या पुसतो. आणि नेमकं तेच पुस्तक चोरीला जातं. चोराच्या मागे धावणारा पॅडिंग्टनच पकडला जातो. खटला चालतो तो न्यायाधीशही कोण, तर न्हाव्याच्या दुकानात ज्याच्या डोक्यावर पॅडिंग्टनकडून चुकून मशीन फिरलं, तोच! शिक्षा दहा वर्षं.

म्हणजे चांगलं वागून मिळालं काय? तुरुंग.

सिनेमा हा प्रश्न टाळत नाही, म्हणून तो आवडतो. तुरुंगातही पॅडिंग्टन पहिल्याच दिवशी धुलाईत एक लाल मोजा टाकतो आणि सगळ्या कैद्यांचे कपडे गुलाबी होतात. सगळे ज्याला टरकून असतात, त्या नकल्स नावाच्या आचाऱ्याला तो जेवणाबद्दल तक्रार सांगायला जातो. आता याचं काही खरं नाही, असं वाटत असतानाच हॅटखालचं सँडविच नकल्सच्या तोंडात जातं. पुढे काय होतं ते बघाच. एकेक कैदी आपल्याला येणारा गोड पदार्थ सांगायला लागतो आणि त्या कळकट मेसचं टी-रूम होतं. नकल्स झालेला ब्रेंडन ग्लीसन आणि भाव खाऊन जाणारा व्हिलन ह्यू ग्रँट, दोघेही धमाल.

पण माझ्या मते या सिनेमातली सगळ्यात महत्त्वाची जागा तुरुंगात नाही. ती आहे गल्लीत, पॅडिंग्टन नसताना. सुरुवातीला आपण त्याची रोजची सकाळ पाहिलेली असते. डॉक्टर जाफरी घाईत निघतात, तेव्हा हा आठवण करतो, ‘किल्ली घेतली का?’ टॅक्सीच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कचरागाडीवरच्या माणसाला तो रस्ते विचारतो, उजळणी करून घेतो. स्वतःला कोंडून घेतलेल्या कर्नलच्या खिडकीवरची काजळी पुसतो, तेव्हा उजेड आत येतो आणि कर्नल बाहेर. यात पराक्रम असा काहीच नाही. कुणाचं काय अडतं, हे त्याच्या लक्षात असतं, इतकंच.

मग तो तुरुंगात जातो आणि त्याच गल्लीतली सकाळ पुन्हा दिसते. जाफरींच्या मागे दार बंद होतं, किल्ली आत. एकेकाचं काहीतरी अडतं. सगळे तेच, घरंही तीच, फक्त कुणी कुणाकडे बघत नाही. चांगुलपणाचा हिशेब ‘मला काय मिळालं’ या रकान्यात मांडला की शून्यच दिसतं. तो असा, माणूस नसताना, उलटा मांडून बघावा लागतो.

आणि चांगलं असणं म्हणजे बावळट असणं नव्हे. मूळ पुस्तकांचे लेखक मायकल बॉण्ड यांनी १९५८ मध्ये पॅडिंग्टनला वाचकांसमोर आणलं, तेव्हाच त्याला एक रोखलेली नजरही दिली. उद्धटपणा करणाऱ्यांसाठी आंट ल्यूसीनं शिकवलेली. तेव्हा नोट्स द्या, पण पुढच्या वेळी ग्रुपमधल्या चौघांकडे ती नजर टाकायलाही हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धात गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून गाडीत बसवलेली, घरापासून दूर पाठवलेली मुलं बॉण्ड यांनी पाहिली होती. पॅडिंग्टनच्या गळ्यातली चिठ्ठी तिथून आली. अनोळखी स्टेशनवर उतरलेल्याला कुणीतरी घरी न्यावं, ही या गोष्टीची मूळ विनंती. गाव सोडून पहिल्यांदा हॉस्टेलवर आलेल्यांना ती जरा जास्तच कळेल. सिनेमाच्या शूटिंगच्या अखेरीस, जून २०१७ मध्ये, बॉण्ड गेले. सिनेमा त्यांनाच अर्पण केलाय.

पॅडिंग्टनही खचतो, बरं का. भेटीच्या दिवशी ब्राऊन मंडळी येत नाहीत, तेव्हा आपल्याला सगळे विसरले असं त्याला वाटतं. तिथे पडद्यावर एक अॅनिमेटेड अस्वल आहे, हे आपण विसरलेलो असतो. शेवट सांगत नाही. एवढंच, की एक दार उघडतं आणि त्या वेळी शेजारी रूममेट असेल तर डोळ्यांत कचरा गेल्याचं कारण तयार ठेवा.

सिनेमा संपल्यावर एकच गोष्ट करा. उद्यापासून तुम्ही आठ दिवस कॉलेजात नाही, असं समजा. तुमच्यावाचून कुणाची किल्ली घरात राहील? एकही नाव आठवलं नाही, तरी वाईट वाटून घेऊ नका. सकाळी निघताना शेजारच्या खोलीचं दार वाजवून विचारा, ‘किल्ली घेतलीस ना?’