शृंगधारी देव आणि हरपलेली कथा

महाशिवरात्रीच्या पर्वकाळी ‘पशुपती’ हे नाम भाविकांच्या मुखी सहजच येते. त्या नामासरशी देव, अरण्य आणि वन्य जीव असे एकत्र चित्र मनःचक्षूंपुढे उभे राहते. काहीशा अशाच रूपातील एक देव पश्चिमेकडे प्राचीन गॉल देशात, म्हणजे प्रामुख्याने आजच्या फ्रान्सच्या भूमीत, पूजिला जात असे. केल्ट लोकांच्या या देवाचे नाव केर्नुन्नोस. शिकारीचा व वनांचा अधिपती अशी आज त्याची ख्याती आहे. परंतु त्याची एकही कथा उरलेली नाही. असे का व्हावे?

पॅरिस येथील नोत्र दाम या ख्रिस्ती मंदिराखाली १७११ साली खोदकाम चालू असता काही कोरीव शिळा सापडल्या. रोमन सम्राट टायबेरियस याच्या कारकिर्दीत (इ. स. १४ ते ३७) तेथील नावाड्यांनी उभारलेल्या स्तंभाचे ते अवशेष होत. त्यांतील एका शिळेवर दाढीधारी वृद्धाचे मुख आहे. मस्तकी सांबरासारखी शिंगे, दोन्ही शिंगांत एकेक कडे अडकवलेले आणि वर त्याचे नाव कोरलेले.

पुढे १८९१ मध्ये डेन्मार्कमधील गुंडेस्ट्रुप येथे दलदलीत सुमारे नऊ किलो वजनाचे रौप्यपात्र मिळाले. त्यावर असाच शृंगधारी पुरुष मांडी घालून बसला आहे. एका हाती कडे, दुसऱ्या हाती मेंढ्याच्या तोंडाचा सर्प, शेजारी काळवीटासम डौलदार हरिण आणि भोवती इतर प्राणी. फ्रान्समधील रँस येथील शिळेवर तो थैलीतून विपुल दान ओतीत आहे. खाली बैल आणि हरिण उभे आहेत. या दोन्ही प्रतिमांवर नाव नाही. शिंगांवरून विद्वान त्यास ओळखतात. लक्षणीय गोष्ट अशी की, शिकारीचा देव म्हणविणाऱ्याच्या हाती येथे ना धनुष्य आहे, ना भाला!

मोहेंजोदडो येथील प्रसिद्ध मुद्रेवरही शिंगे धारण केलेली आसनस्थ आकृती व तिच्या भोवती पशू आहेत. सर जॉन मार्शल यांनी १९३१ साली तिच्यात शिवाचे आद्यरूप पाहिले. पुढील संशोधकांत मात्र त्याविषयी मतभेद आहेत. हे साम्य पाहून दोन्ही देव एकच, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. मुद्रेवरील शिंगे हरिणाची नव्हेत, आणि दोहोंमध्ये सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे. नाते आहे ते शब्दांचे. केर्नुन्नोस या नावात ‘शिंग’ हा अर्थ आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लॅटिनमधील ‘कॉर्नू’ आणि आपले संस्कृत ‘शृंग’ ही एकाच मूळ धातूची अपत्ये होत.

आता कथेविषयी. गॉलमधील पुरोहितांना ड्रुइड म्हणत. ज्युलियस सीझर लिहितो की, त्यांचे काही शिष्य वीस वीस वर्षे पद्ये मुखोद्गत करीत आणि ही विद्या लेखनबद्ध करणे ते निषिद्ध मानीत. वेदाध्ययन करणाऱ्यांच्या घरी हे वाचून आप्तभाव वाटेल. पण टायबेरियसने ड्रुइडांचे उच्चाटन केले, असे प्लिनी सांगतो. ज्या राजवटीत देवाचे नाव पाषाणावर कोरले गेले, तिनेच त्याची कथा सांगणारे मुख बंद केले! पुढे लॅटिन भाषेने गॉलांची भाषाही गिळली. दोष पाठांतराचा नव्हता. शिकविणारा गेला, ऐकणाऱ्याची बोली गेली, आणि मग देव मुका झाला.

आपल्याकडे ‘शिवलीलामृता’च्या दुसऱ्या अध्यायातील व्याध आजही बिल्ववृक्षावर रात्र जागवतो आणि हरिणांना जीवदान देतो. तो ग्रंथात आहे म्हणून सुरक्षित आहे, असे समजू नये. दर शिवरात्रीस कोणीतरी तो मोठ्याने वाचते आणि शेजारी बसलेले मूल विचारते, “मग पुढे काय झाले?” या प्रश्नानेच तो जिवंत आहे. केर्नुन्नोसविषयी हा प्रश्न विचारला, तर उत्तर देणारे आज कोणीही नाही. आज रात्री पोथी उघडाल, तेव्हा मुलांना जवळ बसवून घ्यावे.