गळ टाकण्याआधी तिथी पाहा

खाडीकाठच्या घरातून कोणी गळ घेऊन निघाला की ओटीवरून विचारणा होते, "आज तिथी काय?" मासा कुठे लागेल हे ज्याचे त्याने बघावे, पण तिथी चुकली तर बरोबर जागा गाठूनही उपयोग नसतो, हे ओटीवरच्यांना पक्के ठाऊक असते. शहरातून शनिवार-रविवारी किनाऱ्यावर उतरणाऱ्या हौशी मंडळींकडे आता उत्तम रॉड आहेत, महागडी रिळे आहेत, रंगीत प्लास्टिकचे मासे आहेत. तरी त्यांतले बरेच जण भर दुपारी, पाणी थांबलेले असताना, कातळावर तासन्‌तास उभे दिसतात. समुद्राचा मासा चालत्या पाण्यात खातो. पाणी कधी चालणार, किती जोराने चालणार आणि त्या वेळी वारा-लाटा काय करत असतील, एवढे आदल्या रात्री ठरवता आले, तर साध्या तंगुसाला आणि दोन गऱ्यांनाही मासा लागतो.

यातले निम्मे काम भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर होते. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, जे उत्तर येईल तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. दिवसातली दुसरी भरती साधारण साडेबारा तासांच्या अंतराने येते आणि दोन भरत्यांच्या मधोमध, म्हणजे सव्वासहा तासांनी, पूर्ण ओहोटी. यात थोडी चूक आहे आणि तिचे कारणही सांगता येते. तीस तिथींमध्ये भरतीची वेळ चोवीस तास फिरून मूळ जागी येते, म्हणजे एका तिथीमागे ४८ मिनिटे. आपला हिशेब ४५ धरतो. रोजची तीन मिनिटे साठत जाऊन पक्षाच्या शेवटी पाऊण तासाचा फरक पडतो. शिवाय भरती मुंबईत थोडी उशिरा, रत्नागिरी-मालवणकडे थोडी आधी, आणि खाडीत जितके आत जावे तितकी उशिरा. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके मिनिटागणिक वेळ देतात आणि आज ती मोबाइलवरही दिसतात. तरी मी पाऊणपट सोडलेली नाही. तोंडी हिशेब केला की महिन्याचे सगळे पाणी एकदम डोळ्यांपुढे येते. मोबाइलवर फक्त उद्याचा दिवस दिसतो.

वेळेइतकाच जोर महत्त्वाचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाण, अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे कमी जोराचे पाणी. उधाणाला मुंबईत पाणी ओहोटीपासून भरतीपर्यंत चारेक मीटर चढते. दक्षिणेकडे हा फरक कमी होत गोव्यात दोन मीटरच्या घरात येतो, तर उत्तरेला खंभातच्या आखातात, निमुळत्या होत जाणाऱ्या जागेत कोंडून, तो कितीतरी वाढतो. म्हणूनच केरळ-कर्नाटकात शिकलेली वेळ-युक्ती वसई-डहाणूला तशीच लागू पडत नाही. आणि हे पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. ढोबळ नियम बारा भागांचा : पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पुढे दोन आणि एक. चार मीटरच्या उधाणाला पहिल्या तासात जेमतेम फूटभर पाणी वाढते आणि तिसऱ्या तासात मीटरभर. ज्या कातळावर आपण कोरड्या पायांनी गेलो, तिकडून परतायची घळ त्या एका तासात कमरेच्या वर भरते. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग ओहोटीलाच करावा असे का बजावतात, ते या आकड्यांवरून समजेल.

आता एक गोष्ट, जी फारसे कोणी बोलून दाखवत नाही. मासा पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त खातो हे सगळे जाणतात. पण आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमी बाराच्या सुमारास येते, म्हणून उधाणाच्या दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी सहाला ओहोटीच असते. भांगाला उलट : सकाळ-संध्याकाळ पाणी भरलेले, पण जोर नाही. मग सूर्योदयाला चढते पाणी आणि त्याला बऱ्यापैकी जोर, असे दोन्ही कधी जमते? एकादशी ते त्रयोदशी. भरती सव्वाआठ ते पावणेदहा, म्हणजे उजाडताना आणि मावळताना पाणी चढणीला लागलेले, आणि उधाण जवळ येत असल्याने रोज थोडा जोर वाढणारा. पुळणीवर आणि कातळावर हे दिवस मला सर्वांत भरवशाचे वाटतात. एकादशीला ज्यांच्या घरी मासा शिजत नाही, त्यांनी द्वादशी-त्रयोदशी धरावी. काही बिघडत नाही. ऐन उधाणात मात्र मी पुळणीवर जाणे टाळतो. पाणी गढूळ होते, शिसे तळाला टिकत नाही आणि शेवाळ-कचरा तंगुसाला लपेटून येतो.

खाडीच्या मुखाचे गणित वेगळे आहे, आणि माझा जीव खरा तिथेच रमतो. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, देवबागला कर्ली. या सगळ्या मुखांवर ओहोटीचे पहिले दोन-तीन तास सोन्याचे. भरतीला बोय, कोळंबी, लहान मासळी तिवरांच्या मुळांत शिरून बसलेली असते. पाणी उतरू लागले की तिला बाहेर पडावेच लागते आणि ती सगळी एका अरुंद प्रवाहातून खाली येते. जिताडा, म्हणजे मालवण-गोव्याकडचा चणक किंवा चोणक, पाठलाग करून दमणारा मासा नव्हे. खडकाच्या, जेटीच्या खांबाच्या किंवा पडलेल्या झाडाच्या आडोशाला, जिथे प्रवाह वळून संथ होतो, तिथे प्रवाहाकडे तोंड करून तो थांबतो. तांबोशी आणि गोब्रा आणखी खाली, दगडांच्या कपारीत. म्हणून आमिष माशाच्या डोक्यावर टाकायचे नसते. प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकून ते पाण्यासोबत आडोशापाशी येऊ द्यायचे. जिवंत कोळंबी असेल तर गरी शेपटीकडून किंवा डोक्यावरच्या काट्याखालून अलगद ओवावी. डोक्यातला काळा ठिपका फोडला की कोळंबी मेली.

बंधाऱ्यावर हाताने गरवणाऱ्या म्हाताऱ्यांकडे नीट पाहा. रॉड नसतो. तंगूस लाकडाच्या तुकड्याला किंवा बाटलीला गुंडाळलेला, आणि पाण्यात गेलेली दोरी उजव्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर. दोरी ताठ नसते, ढिलीही नसते. शिंगाळा आला की बोटाला ओढ लागते आणि लागून राहते. काळुंदर टकटक करते. खेकडा असेल तर दोरी नुसती जड होते, चालत बाजूला जाते. तांबोशी एकच हिसका देते आणि त्या हिसक्याला उत्तर दिले नाही तर दगडात शिरून दोरी कापते. जिताड्याच्या वेळी कधी कधी दोरी उलट ढिली पडते, कारण तो आमिष तोंडात घेऊन आपल्याच दिशेने येतो. नवशिक्या तेव्हा सुटला समजून सैल सोडतो. म्हातारा दोन हात भरभर दोरी गोळा करून मग झटका देतो. रॉडच्या टोकाकडे पाहून हे शिकायला फार काळ लागतो. ज्याला गळ शिकायचा आहे त्याने पहिला हंगाम हाताच्या दोरीवर काढावा, असे माझे ठाम मत आहे.

पुळणीबद्दल थोडक्यात : पूर्ण ओहोटीला एकदा रिकाम्या हाताने जाऊन किनारा बघून यावे. वाळूत किनाऱ्याला समांतर चर दिसतात, मधे कुठे ते तुटून समुद्राकडे वाट फुटलेली असते. भरती आल्यावर मासा याच वाटेने आत येतो. मुडदुशी तर अगदी गुडघाभर पाण्यात असते, तिला लहान गरी आणि सोललेल्या कोळंबीचा तुकडा पुरतो. रावस याच चरांमधून फिरतो. साऱ्यांना हात दुखेस्तोवर लांब फेकायची घाई असते. बऱ्याचदा मासा त्यांच्या शिशाच्या अलीकडेच असतो.

वारा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सकाळी जमिनीकडून मतलई वारा येतो, समुद्र तेलासारखा सपाट असतो आणि पाणी हळूहळू निवळत जाते. अकरा-बारानंतर खारा वारा सुरू होतो, वायव्येकडून, आणि दुपारी लाटांवर फेसाचे पांढरे घोडे दिसू लागतात. मार्च ते मे हा दुपारचा वारा जास्त जोर धरतो, तेव्हा सकाळी नऊपर्यंत उरकावे हे बरे. पाणी गढूळ असेल तर वासाचे आमिष चालते : कोळंबी, बोयीचा तुकडा. प्लास्टिकचे मासे निवळ पाण्यासाठी, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून पुढे. पावसाळा संपता संपता खाडीतून अजून माती येत असते, तेव्हा ते ओढत बसण्यात अर्थ नाही.

लाटांकडे मात्र सावकाश पाहावे लागेल, कारण इथे जीव जातात. अंदाजात लाटेची उंची सगळे वाचतात. तिच्या शेजारचा कालावधीचा आकडा फार थोडे. दोन लाटांमधले सेकंद म्हणजे कालावधी. इथल्या वाऱ्याने उठलेली लाट पाच-सहा सेकंदांची असते. खोल समुद्रात तिची लांबी पन्नासेक मीटर. पंधरा सेकंदांची लाट साडेतीनशे मीटर लांबीची असते. ती दूरवरच्या वादळातून आलेली असते आणि तीच उंची असूनही कितीतरी जास्त पाणी कातळावर चढवते. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा तीन-पाच दिवसांचा प्रवास करून आपल्या किनाऱ्याला लागतात. हिवाळ्यात अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांच्या लाटा वायव्येकडून येतात. आपल्याकडे वारा पडलेला, आभाळ स्वच्छ, आणि तरी समुद्र उसळतो तो यामुळे. या लांब लाटा गटाने येतात. मोठ्या पाच-सात येऊन जातात आणि मग काही मिनिटे काहीच नसते. त्या शांत मिनिटांत माणूस कातळाच्या टोकावर जातो.

त्यामुळे कातळावर पोहोचल्यावर सामान उघडण्याआधी वीस मिनिटे नुसते उभे राहून पाहायचे. सर्वांत मोठी लाट कुठवर भिजवते ते ध्यानात घ्यायचे आणि त्याच्या बरेच वर बसायचे. हिरवे-काळे शेवाळ दिसले की ती जागा समुद्राची. एकट्याने जाऊ नये, पाण्याला पाठ करू नये, आणि मासा लागला म्हणून तो उचलायला खालच्या पायरीवर उतरू नये. लांब दांड्याची जाळी सोबत ठेवावी. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून, म्हणजे इन्कॉइसकडून, लाटांची उंची, दिशा, कालावधी आणि वारा यांचा अंदाज रोज मिळतो. लांब लाटांचा इशाराही तिथूनच येतो. कालावधी बाराच्या पुढे असेल तर मी कातळ सोडून खाडी धरतो. जून-जुलैत तर कातळावर जाऊच नये. १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांना बंदी असते, ती माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रासाठीही. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला कायदा अडवत नसला तरी त्या दिवसांतली लाट त्याला ओळखत नाही.

मासा हाती आल्यावरचेही थोडे. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे करवतीसारखे विषारी काटे असतात. हाताने दाबून गरी काढू नये, पक्कड वापरावी. गढूळ उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावे म्हणजे वाळूत बसलेली पाकट आधीच पळते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा तास तरी बुडवून ठेवावा आणि लगेच दवाखाना गाठावा. फुगणारा केंड कोणी कितीही सांगितले तरी खाऊ नये, त्याचे विष शिजवून जात नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, तिच्या आतला मासा धरू नये म्हणून. तो नियम बाजार आणि बोटी यांना नजरेसमोर ठेवून आला, पण गळवाल्यानेही तो पाळावा. लहान मासा सोडणे त्यालाच सर्वांत सोपे असते, कारण त्याचा मासा जिवंत हाती येतो. मोठ्याचेही तेच. जिताडा आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. गोब्र्याचे उलटे, आधी मादी, मग नर. खाडीतले सगळे मोठे जिताडे धरले तर अंडी घालायला कोणी उरत नाही. सगळे मोठे गोब्रे धरले तर नर संपतात. म्हणून मधल्या मापाचा एखादा घरी न्यावा आणि धिप्पाड जिताडा फोटो काढून सोडावा. सोडताना हात ओले करावेत, कल्ल्यात बोटे घालू नयेत, उभा लटकवू नये, दोन्ही हातांनी पोटाखाली आधार द्यावा. मग त्याचे तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवावे. कल्ले नीट हलू लागले की तो स्वतःच शेपटीचा फटका देतो, तोवर हात काढायचा नाही.