वाफशावरची शर्यत

मृगाचे दोन दणके पडून गेले आणि अहमदपूर किंवा कंधारकडच्या एखाद्या शिवरस्त्याला मोटारसायकल घातली की काय होतं, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. पन्नास-शंभर फूट गाडी जाते. मग हँडल जड होतं, मडगार्ड आणि टायर यांच्यामधल्या बोटभर फटीत काळी माती ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. उतरायचं, बांधावरची तुराटी मोडून घ्यायची आणि चिखल उकरत बसायचं.

त्यामुळे मोटोक्रॉसची गाडी पहिल्यांदा नीट पाहिली, तेव्हा माझी नजर इंजिनावर गेली नाही, पुढच्या मडगार्डवर गेली. ते टायरला लागून नाहीच. हातभर वर, हँडलच्या खाली, पाखराच्या चोचीसारखं पुढे आलेलं. चिखल कितीही चढला तरी तिथे अडकायला जागाच नाही. आणि चाकाला वर सरकायला जेवढी जागा हवी, तीही तिथेच मिळते. या गाडीची चाकं शॉकॅब्सॉर्बरवर जवळजवळ ३०० मिलिमीटर वर-खाली होतात, आपल्या रोजच्या गाडीच्या दुपटीहून जास्त. साडेचारशे सीसीच्या अशा गाडीचं वजन भरतं साधारण ११० किलो, म्हणजे दारातल्या स्प्लेंडरएवढंच. ताकद मात्र सहा-सात पट. दिवा नाही, इंडिकेटर नाही, आरसा नाही. रस्त्यासाठी ती बनलेलीच नाही. ती मातीसाठी आहे.

या खेळाची सुरुवात १९२४ साली इंग्लंडमधल्या कँबर्ली गावाजवळच्या माळावर झाली, असं मानतात. रस्ता सोडून, ओढे-चढ-खड्डे घेत पहिलं कोण पोचतं, एवढाच सवाल. नंतर फ्रेंच-बेल्जियन लोकांनी त्याला ‘मोटोक्रॉस’ म्हटलं, १९५७ पासून जागतिक अजिंक्यपद सुरू झालं आणि बेल्जियमच्या स्टीफन एव्हर्ट्सनं ते दहा वेळा जिंकलं. पुढे स्टेडियममध्ये माती आणून टेकाडं रचायची पद्धत निघाली, ती सुपरक्रॉस. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये अशी पहिली मोठी शर्यत झाली, आणि जिंकणारा मार्टी ट्राइप्स होता अवघ्या १६ वर्षांचा.

मला थक्क करते ती उडी. तीस-चाळीस हात लांब झेप घेताना माणूस आणि गाडी दोघंही अधांतरी असतात. टायर जमिनीला लागलेला नाही, ढकलायला-रेटायला काही नाही. तरी रायडर गाडीचं नाक वर-खाली करतो. कशानं? इथे आपल्या लातूरकरांना उदाहरण लांब शोधावं लागत नाही. बोअरची मोटार चालू होते त्या क्षणी आत सोडलेला पाइप उलट्या बाजूला पीळ खातो, आणि तोंडाशी उभ्या माणसाला तो झटका दिसतो. फिरणारी वस्तू एका दिशेला जोर लावते, तेव्हा तिला धरून ठेवणाऱ्याला उलटा जोर बसतो. उडीतही तेच. हवेत असताना ॲक्सिलरेटर पिळला की मागचं चाक आणखी जोरात पुढे फिरतं आणि त्याची परतफेड म्हणून गाडीचं धूड उलटं वळतं, म्हणजे नाक वर येतं. क्लच धरून मागचा ब्रेक दाबला की चाकाचं फिरणं गाडीच्या अंगात उतरतं आणि नाक खाली जातं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत, उभ्यानं, गुडघ्यांत टाकी आवळून. न्यूटनचे नियम पाठ असलेली पोरं आपल्याकडच्या शिकवण्यांत हजारांनी आहेत. ते नियम पायाच्या अंगठ्यानं वापरणारं पोरगं पाहिलं की अंगावर काटा येतो.

आणि हे एकदा नाही. जागतिक मालिकेत एका दिवसात दोन शर्यती होतात, प्रत्येकी तीस मिनिटं आणि वर दोन फेऱ्या. चाळीस गाड्या एका फाटकामागे ओळीनं उभ्या राहतात, फाटक पडतं आणि चाळीसही जण एकाच वळणाकडे सुटतात. तिथून शेवटापर्यंत रायडरचं काळीज जवळजवळ आपल्या कमाल वेगानं धडधडत असतं. सीटवर बसणं नावालाच. हात असे भरून येतात की बोटं मुठीतून सुटेनाशी होतात. दोन-तीन म्हशींची धार एका दमात काढणाऱ्याला या दुखण्याची थोडी कल्पना येईल. चिखल असेल तर बऱ्याच ठिकाणी गॉगलवर पातळ पारदर्शक पापुद्रे एकावर एक लावलेले असतात. एक माखला की ओढून फेकायचा, खाली दुसरा स्वच्छ.

म्हणून या पेशाचं आयुष्य छोटं. पाचव्या-सहाव्या वर्षी ५० सीसीच्या इवल्याशा गाडीवर सुरुवात, मग ६५, ८५, १२५, २५० असं चढत जायचं. गळपट्टीचं हाड, मनगट, घोटा यांतलं काहीच कधी मोडलं नाही असा व्यावसायिक रायडर विरळा. अमेरिकेचा रायन व्हिलोपोटो २६व्या वर्षी थांबला, रायन डंजी २७व्या. आपल्याकडे ज्या वयात पोरगं स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न करत असतं, त्या वयात हा निवृत्त.

भारतात ही वाट आणखी चिंचोळी. राष्ट्रीय सुपरक्रॉस स्पर्धा, कंपन्यांचे मोजके संघ, आणि मग बरेच जण लांब पल्ल्याच्या वाळवंटी रॅलीकडे वळतात. बंगळुरूचा सी. एस. संतोष मोटोक्रॉसमधूनच गेला आणि २०१५ साली डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. केरळच्या शोरनूरचा हरिथ नोआ राष्ट्रीय सुपरक्रॉस पुन्हापुन्हा जिंकून तिथे पोचला आणि २०२४ मध्ये त्यानं डकारचा रॅली-२ गट जिंकला. महाराष्ट्रात या खेळाचं घर पुणं. २८ जानेवारी २०२४ रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीवहिली फेरी बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाली. परदेशी विजेत्यांच्या बरोबरीनं तिथे आपली पोरंही उतरली. पुण्याचा ऋग्वेद बारगुजे याच पिढीतला. मराठी नाव मातीच्या त्या टेकाडांवरून उडताना पाहणं, याचा आनंद मला अजून पुरतो आहे.

पण सगळ्यात मोठं नवल गाडीतही नाही, रायडरमध्येही नाही. ते मातीत आहे. डांबरी ट्रॅक पहिल्या फेरीला जसा तसाच शेवटच्या फेरीलाही असतो. मोटोक्रॉसचा ट्रॅक दर फेरीला बदलतो. चाळीस गाड्या वळणावरून गेल्या की चाकोऱ्या पडतात, दहाव्या फेरीला त्या गुडघाभर होतात. आपण ‘चाकोरीबाहेर जा’ असं सांगतो. इथे मात्र तीन-चार चाकोऱ्यांतली नेमकी एक निवडून तिच्या भिंतीला चाक टेकवून, गाडी जवळजवळ आडवी करून जो न थांबता बाहेर पडतो, तो जिंकतो.

आणि ट्रॅक तयार करणारे जी अवस्था जिवाच्या आकांतानं गाठू पाहतात, तिला आपल्याकडे फार जुना शब्द आहे: वाफसा. आधी माती खोल उकरायची, मग पाणी द्यायचं, मग थांबायचं. पाणी जास्त झालं तर कण एकमेकांवरून घसरतात. कमी पडलं तर धूळ. मधे कुठेतरी दोन कणांच्या बेचक्यात पाण्याचा पातळसा पडदा उरतो आणि तोच त्यांना एकमेकांकडे ओढून धरतो. टायरचे रबरी खुंट त्या मातीत रुततात आणि सुटूनही येतात. आपली काळी याबाबत फार हट्टी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक झिजून झालेली ही माती, तिचे कण पापुद्र्यांसारखे. पाणी पापुद्र्यांच्या मधे शिरतं, माती फुगते. उन्हाळ्यात आकसते आणि भेगेत हात जातो. तिचा वाफसा येतो उशिरा आणि जातो लवकर. नुसत्या अशा चिकणमातीवर ट्रॅक टिकवणं अवघड, म्हणून वाळू किंवा मुरूम मिसळतात.

शर्यतीच्या आधी रायडर ट्रॅकवरून पायी फिरतात. गाडी नाही, हेल्मेट नाही. एखादा वळणाशी थांबतो, बुटाची टाच रुतवून बघतो, वाकून ढेकूळ उचलतो आणि बोटांत चुरतो. पेरणीच्या आदल्या दिवशी मांजरा किंवा गोदाकाठच्या रानात असाच एक माणूस उभा असतो. मुठीत माती दाबतो, गोळा करतो, कमरेच्या उंचीवरून सोडतो, आणि तो कसा फुटतो ते बघतो.