परदेशी पोपटाची नोंदवही

पाचगणीतील घरात आफ्रिकन ग्रे पोपट आणावयाचा, तर केवळ पावतीने भागत नाही. वन्यप्राणी व्यापारावरील 'साइटीस' करारात ही जात २०१७ पासून पहिल्या परिशिष्टात आहे. २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी हवी. पुढे पिल्ले, मृत्यू, हस्तांतर हेही कळवावे लागते. आयातीचा परवाना निराळा. काहींनी मिळून पैदास करावयाची, तर मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करावा लागतो. आपला देशी हिरवा पोपट मात्र पिंजऱ्यात ठेवणेच गुन्हा.

वहीखाते सांभाळणाऱ्या घरांना हे जड नाही. खरा प्रश्न पर्युषणातील जीवदयेचा आहे. विकत घेऊन सोडलेला, पिंजऱ्यातच वाढलेला परदेशी पक्षी भाद्रपदातील धुक्या-पावसात दाणापाणी कोठून शोधणार? आणि विक्रेता तर रिकामा पिंजरा पुन्हा भरतोच.