अपराधी चेहऱ्याचं पिल्लू

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या ताईच्या घरात त्या थंडीत सगळे सोफ्यावर मांडी घालून बसत. पाय खाली सोडला की अंगठा गेलाच. साडीचा काठ, पायजम्याची नाडी, आजींच्या काठीचं रबरी टोक, जे हलेल ते मुर्राचं.

पावसाळा सरला की रायपूरच्या गल्ल्यांत कुत्र्यांचा हंगाम येतो आणि थंडीत नाल्याकाठी, बंद दुकानांच्या पायऱ्यांखाली पिल्लं दिसू लागतात. मुर्रा त्यातलाच. आई गाडीखाली गेली, भावंडं चार घरी वाटली गेली आणि हे पांढरं पिल्लू भाचीनं फ्रॉकमध्ये गुंडाळून आणलं. चुरमुऱ्यांना इकडे मुर्रा म्हणतात, त्यावरून नाव पडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी तोंड उघडून दात पाहिले आणि वय पाच-सहा आठवड्यांचं सांगितलं.

चावण्याचं निम्मं मूळ त्या वयातच होतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला आपल्याकडे 2017च्या श्वानपैदास नियमांनी मनाई आहे, आणि त्यामागे नुसतं दुधाचं कारण नाही. भावंडांशी झोंबताना एकानं जोरात चावा घेतला की दुसरं किंचाळतं आणि खेळ सोडून निघून जातं. जबडा किती आवळायचा, हे पिल्लू असं शिकतं. मुर्राची ही शाळा मध्येच सुटली होती. त्यात दुधाचे 28 दात, सुईसारखे. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सातव्यापर्यंत 42 पक्के दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात आणि चपला जातात.

म्हणजे भावंडांचं काम माणसांनी करायचं होतं, आणि माणसं ते फार वाईट करतात. भाची ‘आई गं’ करून पळायची, की मुर्राला वाटे खेळ रंगला. भाऊजी त्याचं तोंड हातानं मिटून धरायचे, की सुटल्यावर तो दुप्पट चवताळायचा. चाललं ते अगदी कंटाळवाणं तंत्र. दात लागला की हात सैल सोडायचा, उठायचं, दाराबाहेर जायचं, मनात वीस म्हणेपर्यंत थांबायचं आणि काही न बोलता परत यायचं. हाताऐवजी तोंडात द्यायला फ्रीजमध्ये ओला करून ठेवलेला गमछा, गाठी मारलेला. संध्याकाळी सातच्या सुमारास मुर्रा पिसाटल्यासारखा घरभर धावे, तेव्हा मात्र यातलं काहीच चालत नसे. त्या वेळी त्याला खेळ नको, झोप हवी असते. एवढं पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं, आणि या घरात दर तासाला कोणीतरी त्याला उचलून घेत होतं. पडदा ओढून खोक्यात ठेवलं की थोडं कुरकुरून तो झोपे.

एक गोष्ट मात्र ताईनं कधी हसण्यावारी नेली नाही. भाचीच्या मनगटावर ओरखडा येऊन रक्त दिसलं, तेव्हा तिनं तो हात नळाखाली धरून साबणानं पंधरा मिनिटं धुतला आणि तशीच तिला घेऊन दवाखान्यात गेली. ‘अगं, घरचंच पिल्लू,’ असं शेजारच्या काकू म्हणाल्या. रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लालाही रेबीज असू शकतो, आणि त्याची स्वतःची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर मिळते. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. काकूंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

खरा वाद पेटला तो देवघरासमोरच्या मुतावरून. आजींचा उपाय जुना होता. मान धरायची, नाक त्यात घासायचं, वर्तमानपत्राच्या सुरळीनं एक ठेवून द्यायची. ‘बघ, त्याला कळतंय. चेहरा बघ ना चोरासारखा,’ असं त्या म्हणत, आणि चेहरा खरोखर तसाच असे. कान मागे, नजर चोरलेली, शेपूट पायांत.

या चेहऱ्यावर अलेक्झांड्रा होरोवित्झ या संशोधिकेनं 2009 मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. मालकानं कुत्र्याला खाऊला तोंड लावू नको म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मग कधी कुत्र्यानं खाऊ खाल्लेला असे, कधी नसे, पण मालकाला काय सांगायचं ते प्रयोग करणारे ठरवत. अपराधी चेहरा दिसणं अवलंबून होतं ते खाल्लं की नाही यावर नाही, मालक रागावला की नाही यावर. उलट ज्यांनी खाल्लंच नव्हतं आणि तरी बोलणी बसली, त्यांचे चेहरे जास्त पडले. तो चेहरा कबुलीजबाब नसतो. समोरचा माणूस चिडलाय, आता नमतं घ्या, एवढंच त्यात असतं. मूत आणि मार यांत दहा मिनिटं गेली असतील, तर पिल्लाला त्या दोन्हींचा संबंध लागत नाही. ते फार तर माणसांसमोर मुतायचं टाळतं आणि पलंगाखाली जातं. मुर्रानं तेच सुरू केलं.

आजींना हे प्रयोगबियोग पटले नाहीत. त्यांना पटलं ते कुकुरदेवाचं. बालोद जिल्ह्यात खपरी गावी कुत्र्याचं देऊळ आहे. कथा अशी, की एका बंजाऱ्यानं कर्जापायी आपलं कुत्रं सावकाराकडे गहाण ठेवलं. सावकाराकडे चोरी झाली आणि कुत्र्यानं लपवलेला माल दाखवून दिला. खूश होऊन सावकारानं सगळी हकिकत लिहिलेली चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला सोडून दिलं. ते धावत मालकाकडे आलं, आणि पळून आलं असं समजून बंजाऱ्यानं त्याला काठीनं मारून टाकलं. चिठ्ठी नंतर वाचली. आजी त्या देवळात जाऊन आलेल्या. सुरळी त्यांनी स्वतःच रद्दीत टाकली. आपल्याजवळ आलेल्या कुत्र्याला कधीही मारू नये, हा प्रशिक्षणातला पहिला नियम त्या कथेत आधीच आहे, आणि होरोवित्झबाईंपेक्षा तिची बाजू आजींजवळ भक्कम ठरली.

मग मुताचा प्रश्न वेळापत्रकानं सुटत गेला. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच उचलून अंगणात तीच जागा, आणि काम झाल्याबरोबर, तिथेच, उकडलेल्या अंड्याचा तुकडा. घरात आल्यावर दिला तर तो घरात येण्याचा इनाम होतो. जेवढ्या महिन्यांचं पिल्लू तेवढे तास, वर एखादा, असा धरून ठेवण्याचा ढोबळ हिशेब सांगतात, पण त्याच्या भरवशावर राहू नये. फिनाइल बंद केलं, कारण पिल्लू फरशी चाटतं, पंजे चाटतं, आणि ते विषारी आहे. शिवाय नुसत्या सुवासानं मुताचा वास झाकतो, जात नाही. तो मोडायला एन्झाइमवालं क्लीनर लागतं.

भांडी घासायला येणाऱ्या बाई हा खटाटोप पाहून एवढंच म्हणायच्या, ‘लइका हवय, सीख जाही.’ लेकरू आहे, शिकेल.

रात्रीच्या रडण्याला खोकं ताईच्या पलंगाशी आणणं पुरलं, नंतर ते रोज वीतभर दाराकडे सरकवलं. आवाजांची भीती जास्त वेळखाऊ होती. जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून पाहिली आणि 1965च्या ग्रंथात मांडलं, की तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या आसपास जे ओळखीचं होतं त्याची पुढे धास्ती बसत नाही. अडचण अशी, की याच काळात लसी अपुऱ्या असतात आणि रस्त्यावर पार्व्होचा विषाणू असतो. म्हणून भाची त्याला खांद्यावर घेऊन बुढातालाबापर्यंत नेई. ई-रिक्षा, भाजीचे ठेले, हेल्मेटवाले, वरातीचा बँड, सगळं खांद्यावरून.

पाहुण्यांवर उड्या मारणं मात्र अजून चालू आहे. उपाय ठरलेला आहे. चारही पाय जमिनीवर येईपर्यंत त्याच्याकडे पाहायचंच नाही. दुर्लक्ष सुरू केलं की उड्या आधी वाढतात, आणि बहुतेक घरं नेमकी तिथे हार मानतात. मग पिल्लाला कळतं, की आणखी उंच उडी मारली की जमतं. ताई, भाची, आजी तिघी दगडासारख्या उभ्या राहतात. भाऊजी दुकानातून येतात आणि दारातच दोन्ही हात पसरून म्हणतात, ‘या मुर्रासाहेब!’